सुटून आलोय, आता पुढं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय 34. बांधावरून भांडण झालं, माझ्या हातून चुलत्याच्या पोराला कोयता लागला, त्याची दोन बोटं गेली. चूक माझीच होती. साडेचार वर्षं हिंडलगा जेलात काढली, पूर्ण शिक्षा भोगून चार महिन्यांपूर्वी बाहेर आलो. आत टेलरिंग शिकलो, हात चांगला बसलाय. आल्यावर उद्यमबागेत एका फाउंड्रीत ग्राइंडिंगला लागलो, जेलचं काय सांगितलं नाही, 19 व्या दिवशी कुणीतरी सुपरवायझरच्या कानावर घातलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. त्या दिवसांचा पगार पण दिला नाही. आई म्हणालीय पुण्याला जा, तिथं कोण ओळखतंय. जाऊ काय? आणि पुढच्या ठिकाणी सांगू की लपवू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, ते 'चूक माझीच होती' ह्या तीन शब्दांसाठी. हेच शब्द पहिल्याच दिवशी फाउंड्रीच्या मालकापुढं बोलला असता तर कदाचित कामच मिळालं नसतं, ते खरं, पण मिळालं असतं तर 19 व्या दिवशी गेलं नसतं.

आमच्या ह्यांचं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप होतं. एकदा एक माणूस आला, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घातलेले कागद होते, ते टेबलावर ठेवले आणि म्हणाला, मालक मी जेलातून आलोय, भांडणाची केस होती, हा सुटकेचा कागद, काम बघा आणि मग ठरवा. एवढंच. रडला नाही, गोष्ट लांबवली नाही. ह्यांनी आठ दिवस बघतो म्हणून ठेवला, तो वर्कशॉप बंद होईपर्यंत होता. सगळे मालक असे नसतात हे मला माहीत आहे, पाच जण नाही म्हणतील. पण तुम्हाला एकच हवाय, आणि त्याला ही गोष्ट तुमच्या तोंडून कळायला पाहिजे, दुसऱ्याच्या नाही. सगळ्या कामगारांना सांगत बसू नका, मालकाला सांगा, बास.

आणि फॉर्मवर विचारलं असेल तर खोटं कधीच लिहू नका. 2016 साली अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सरकारी नोकरीबद्दल हेच बघितलंय, की खरं सांगणाऱ्याचा विचार करायला जागा राहते, पण माहिती दडवली तर ते दडवणंच काढून टाकायचं कारण होऊ शकतं. म्हणून पुण्याला जाऊन काय होणार? कंपनीनं पोलिस व्हेरिफिकेशन मागितलं की तिथंही तेच, वर खोलीचं भाडं आणि आई इकडं एकटी. नका जाऊ.

पगार मात्र सोडायचा नाही हं! कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असा कायदा आहे, तुमची केस काय होती ह्याचा त्याच्याशी काय संबंध नाही. आधी जाऊन नीट मागा, नाही दिला तर बेळगावात कामगार खात्याच्या ऑफिसात अर्ज द्या. जमत नसेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, त्यांची हेल्पलाइन 15100, फुकट वकिलाला कोण पात्र ते तिथंच सांगतील. अर्ज कन्नडमधून लिहायची अडचण असेल तर तेही तिथंच बोला, गप्प परत येऊ नका.

आता खरं सांगू? तुम्ही ग्राइंडिंगला गेलातच का, हातात शिलाई असताना! पीएम विश्वकर्मा योजनेत 18 धंदे आहेत, त्यात शिंपीकाम आहे. ट्रेनिंगला रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 पर्यंत, आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यांनी. घरातल्या एकालाच मिळतं, अर्ज कॉमन सर्व्हिस सेंटरवर भरायचा, पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते, त्यामुळं पंचायतीत आधी जाऊन बोलून या. त्याच्या आधी आधार, रेशन कार्ड आणि बँक खातं चालू आहे का बघा, इतक्या वर्षांत केवायसी राहिलेली असणार. आपल्याकडं शाळा मे अखेरीलाच सुरू होतात, एप्रिलपासून युनिफॉर्मची घाई असते, तोपर्यंत मशीन घरात आलं पाहिजे.

चुलत्याच्या घरी मात्र लगेच स्वतः जाऊ नका. गावातल्या कुणा जाणत्याला मधे घालून निरोप द्या, आणि ते नको म्हणाले तर ते ऐका. त्यांचीही दोन बोटं गेलीत की.

प्रश्न : ताई, मी निपाणीला विड्या वळते. नवरा तीन वर्षांनी पुढच्या महिन्यात सुटणार. मुलगी आठ वर्षांची, तिला बाबा गोव्याला कामाला आहे सांगितलंय. आता काय करू?

उत्तर : तो यायच्या आधी तुम्हीच सांगा बाई, नाहीतर शाळेतलं कुणीतरी सांगेल आणि मग तुम्ही खोटं बोलला हेच तिच्या डोक्यात बसेल. रात्री जेवणं झाली की जवळ घेऊन सांगा, बाबाकडून चूक झाली, त्याची शिक्षा संपली, तो घरी येतोय. गोव्याचं मी तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले, हेही सांगा. ती काय काय विचारेल, जेवढं विचारेल तेवढंच उत्तर द्या. आणि नवऱ्याला भेटायला जाल तेव्हा त्यालाही सांगून ठेवा की मुलीला माहीत आहे, म्हणजे दारात आल्या आल्या तो गोव्याच्या गोष्टी सांगायला लागणार नाही.