लॉजमधल्या पदव्या आणि आपले मामा तलाव

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आपल्या लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या बंधुभाव मानणाऱ्या जुन्या संघटनेच्या शाखेत, 33 वर्षांचा पोरगा वर्षभरासाठी प्रमुखाच्या खुर्चीवर बसतो, तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, गावात तुम्हाला पाहून लोक उठून उभे राहतात, आणि इथे तुम्हीच उभं राहून त्याला ‘वर्शिपफुल मास्टर’ म्हणायचं, तेव्हा जीभ अडते. त्यातच जेवताना एका ज्येष्ठांनी सगळ्यांदेखत टोकलं की माझं नाव घेताना पूर्ण पदवी लावत जा. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात. मला त्या वेगळ्या वाटतात.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचा, धानवाला. 22 वर्षांपासून एसटीने बैठकीला जातो, एक वर्ष खुर्चीवरही बसलो.

आधी शब्दाचं. ‘वर्शिपफुल’ म्हटलं की आपल्याला देव्हारा आठवतो, आणि माणसाला देव कसं म्हणायचं असं वाटतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मान देण्याजोगा’ एवढाच. तिकडे महापौरालाही हा शब्द लावतात. ग्रामपंचायतीच्या नोटिशीत आपण ‘मा. सरपंच’ लिहितो, त्यातला ‘मा.’ समजा. पुढच्या वेळी गळ्यातली चिन्हं नीट पाहा. मास्टरच्या गळ्यात गुण्या, त्याच्या खालच्या दोन अधिकाऱ्यांपैकी सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ, ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा. सगळी गवंड्याची हत्यारं! आपल्या घरी कामाला येणाऱ्या मिस्त्रीच्या पिशवीत हीच असतात, आणि त्याला आपण चहा ओट्यावरच देतो. हे माझ्या ध्यानात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी मिस्त्री आला की खुर्ची आधी त्याला.

वर्ष सरलं की तो गुण्या दुसऱ्याच्या गळ्यात जातो. तोवर त्या पोराच्या मानेवर जू असतं. बैठका लावायच्या, विधीची संहिता पाठ करायची, आजारी सदस्याच्या घरी जायचं, कोणाची वर्गणी थकली तर त्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन विचारायचं. माझ्या वर्षी ऐन रोवणीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधीवर पडून होते, मजूर मिळत नव्हते, तरी मी बैठक चुकवली नाही. म्हणून आत असेपर्यंत पदवी पूर्ण आणि मोकळ्या आवाजात घ्या. पुटपुटू नका, त्याला ते लागतं.

आता त्या ज्येष्ठांचं. इथे मी तुमच्या बाजूने आहे. लॉजबाहेर, ताटावर बसून पदवी मागून घेणं मला पटत नाही, आणि हे मी आमच्या लॉजमध्ये उभं राहून बोललोही आहे. पदवी मागून घेणारी माणसं आपल्या भागाला नवी नाहीत. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांची मालकी, 1951 साली गेली. तरी वाड्यातल्या नातवाला अजून कोणी ‘मालगुजार’ म्हटलं नाही तर त्याचा चेहरा उतरतो. पण त्याच काळातले तलाव पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठेही जा. कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’, आपल्या तोंडी ‘मामा तलाव’. त्यातले पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. त्या हातांची नावं आज कोणाला सांगता येत नाहीत, पण पाणी बांधीत येतं. खुर्चीवरून उतरलेल्याला लावतात त्या ‘पास्ट मास्टर’मधला ‘पास्ट’ म्हणजे तोच ‘माजी’. मी स्वतः माजी आहे, आणि माझ्या वर्षाचं काय उरलं हा प्रश्न मला पडतो. दोन विधवा बहिणींच्या मुलांची फी अजून जाते, एवढं सांगता येईल.

कोणी 33व्या डिग्रीचं नाव घेतलं तरी दबू नका. ती स्कॉटिश राइटची, वेगळ्या संस्थेची. आपल्या लॉजच्या डिग्र्या, म्हणजे पायऱ्या, तीनच, आणि तिथे तिसऱ्या, मास्टर मेसनच्या, वर चौथी पायरी नाही.

त्या ज्येष्ठांवर मात्र रागावून बसू नका. चहाच्या वेळी शेजारी बसा, ‘भाऊ’ म्हणा. ‘ब्रदर’चं मराठी आपल्याकडे आधीपासून आहे, रोज शंभरदा तोंडात येतं. त्यांच्या वर्षात काय काय झालं ते विचारा. एकटी पडलेली म्हातारी माणसं कधीकधी पदवी मागतात, कारण दुसरं काही विचारणारं कोणी नसतं.

आणि दारावरच्या टायलरला, म्हणजे लॉजच्या पहारेकऱ्याला, भेटलात का? वय 76. खुर्चीवर बसून झालंय, वरचे मानही मिळालेत. दारावर बसायचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं. आम्ही आत असतो तोवर ते तलवार घेऊन बाहेर, एकटे. मागच्या पौषात गारठा फार होता. मी म्हटलं, आज दुसऱ्या कोणाला बसवू. मफलर आवळत म्हणाले, “आतलं सारं मला पाठ आहे गा. दार पाहाले कोनी लागतेच ना.”

पुढच्या बैठकीला दुपारच्या एसटीने निघा. मी साकोली स्टँडवर चढतो. अर्धा तास आधी पोचू, त्यांच्याजवळ बसू.