सही मुलाची, जामीन घरचे

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, नोव्हेंबरात १८ पूर्ण होतील. बारावी कॉमर्स पास झाला. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या अकादमीने करार पाठवलाय: दोन वर्षं, पुढे क्लबची इच्छा असल्यास आणखी तीन. महिना १८,००० रुपये, शिवाय हॉस्टेल आणि जेवण. मध्येच सोडलं तर ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून ६ लाख भरायचे आणि त्याला आम्ही दोघं जामीन. सह्या ३० जूनच्या आत हव्यात. मिस्टर सही करायला निघालेत. मुलगा म्हणतो, कॉलेज काय कधीही होतं. मला त्याचं बी.कॉम. बुडेल याची धास्ती आहे. काय करावं? (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला करार सात पानांचा आहे. पहिली सहा पानं मुलाबद्दल आहेत, सातवं तुम्हा दोघांबद्दल. मिस्टरांना आधी सातवं वाचायला सांगा.

१८ पूर्ण होईपर्यंत मुलगा कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे त्याला करार करताच येत नाही, आणि केला तर तो मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून टाकलं. स्टॅम्प पेपर लावा, नोटरीचा शिक्का मारा, फरक पडत नाही. नोव्हेंबरात मुलगा ‘मला मान्य आहे’ म्हणाला तरी जुना कागद जिवंत होत नाही, नवा करावा लागतो.

‘मग बरंच की, मुलगा मोकळा,’ असं वाटेल. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या १९४९ च्या खटल्यात अज्ञान मुलीसाठी तिच्या वडिलांनी सिनेमात काम करण्याचा करार केला होता. निर्मात्याने तो मोडला. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीलाही दावा लावता येत नाही आणि वडिलांनाही नाही. म्हणजे क्लबने ऑक्टोबरात पगार थांबवला, तर या सहा पानांच्या जोरावर वसुलीचा दावा लावणं कठीण.

सातव्या पानाचं तसं नाही. तुम्ही दोघं सज्ञान आहात. मूळ करार अज्ञानाचा असला तरी त्याला राहिलेला जामीनदार सुटत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८९४ मध्येच धरलं आहे. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथली बहुतेक लग्नं समाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येतात. एकट्या मिस्टरांनी सही केली तरी घर-भाटातल्या (घर आणि माडांच्या बागेतल्या) त्यांच्या अर्ध्या हिश्श्यावर वसुली येऊ शकते. दोघांनी केली तर सगळंच उघड्यावर. क्लब दोघांच्या सह्या उगाच मागत नाही.

आता त्या ६ लाखांबद्दल. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत प्रशिक्षणाची भरपाई ही गोष्ट आहे, पण ती नवा क्लब जुन्या क्लबला देतो. खेळाडूच्या आईवडिलांकडून ती घ्यायची, असं त्या नियमांत कुठेच नाही. करारात आकडा लिहिला म्हणून तेवढे पैसे आपोआप मिळतात असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी नुकसानभरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. पण हे सिद्ध करायला तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. सही न करणं त्याहून स्वस्त. सातवं पान काढून टाका, ही तुमची पहिली अट. त्यावर तडजोड नाही.

मुदतीचंही तेच. १८ खालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून जास्त नसावा आणि जास्तीची मुदत मानली जाणार नाही, हे फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे. दोन अधिक तीन म्हणजे पाच. शिवाय ती तीन वर्षं फक्त क्लबच्या मर्जीवर. मुलगा चमकला तर १८,००० वर अडकला, नाही चमकला तर क्लबने दार लावलं. मुदतवाढ हवीच असेल तर ‘दोघांच्या लेखी संमतीने आणि नव्या मानधनावर’ हे शब्द घाला.

चौथ्या पानावर ‘मुदत संपल्यावर दुसऱ्या क्लबची ऑफर आधी आम्हाला दाखवायची’ असं आहे. यावर मात्र झोप उडवू नका. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असंच कलम मुदतीनंतर लागू होत नाही म्हणून करार कायद्याच्या कलम २७ खाली शून्य ठरवलं. तरी खोडून घ्या.

आता कॉलेज. ‘कधीही होतं’ हे अर्धंच खरं आहे. नव्या चार वर्षांच्या पदवी रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं. ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पदवी एकूण सात वर्षांत संपवायची असते. पण ही सवलत पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्याला आहे, प्रवेशच न घेणाऱ्याला नाही. म्हणून प्रवेश याच जूनमध्ये घ्या. अडचण वेळेची आहे. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं सकाळची आणि सरावही सकाळचा. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसण्याचाच प्रश्न येतो. अकादमीचे प्रशिक्षक ‘सांभाळून घेऊ’ म्हणतील. त्यांचा शब्द खराही असेल, पण पुढच्या हंगामात ते तिथे असतीलच असं नाही. करारात हे लिहून घ्या:

‘खेळाडू पूर्णवेळ पदवी शिक्षण घेईल. सत्र परीक्षेच्या दिवशी आणि आदल्या दिवशी सराव वा सामन्याची सक्ती नसेल. आठवड्याचं सरावाचं वेळापत्रक कॉलेजच्या तासांना धरून, सत्राच्या सुरुवातीला लेखी दिलं जाईल. विद्यापीठाच्या व राज्याच्या संघातून खेळण्यास क्लब आडकाठी करणार नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि पालक नेमकं तेच विसरतात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या क्रीडा कोट्यात राज्य, देश किंवा विद्यापीठाकडून खेळल्याची नोंद मोजली जाते. क्लबसाठी पन्नास सामने खेळलात तरी त्या रकान्यात शून्य. संतोष ट्रॉफीत (राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत) गोव्याकडून खेळलात तर तो रकाना भरतो. राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडणं क्लबला भाग असतं, राज्याच्या संघासाठी ते करारात यावं लागतं. पगार घेणारा खेळाडू विद्यापीठ संघात चालतो का, हे कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडून सहीआधी लेखी घ्या.

पैसे थांबू शकतात हे धरून चाला. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम लांबणीवर पडला तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले होते. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी मिळाला नाही तर योग्य कारणाने करार सोडता येतो. हे तोंडी मागून चालत नाही. दुखापतीचं पान तर करारात नाहीच. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया, फिजिओ आणि पुढचे सहा-नऊ महिने पगार कोण देणार, विम्याची रक्कम किती, हे लिहून घ्या. आणि लवादाच्या (वाद कोर्टाबाहेर सोडवणाऱ्या पंचाच्या) कलमात ‘एकमेव लवाद क्लब नेमेल’ असं आहे, ते खोडा. हितसंबंध असलेल्या पक्षाला एकट्याने लवाद नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्याजागी एआयएफएफची (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची) प्लेअर स्टेटस कमिटी घाला.

मग ३० जूनचं काय? ती तारीख क्लबची आहे, कायद्याची नाही. क्लबला ई-मेल करा: नोव्हेंबरपर्यंत मुलाची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करा. तेवढे महिने हॉस्टेल, जेवण आणि प्रत्यक्ष खर्च क्लब देईल. १८,००० रुपये आत्ता घेऊ नका, कारण खर्चाहून जास्त मोबदला आणि लेखी करार असला की फिफाच्या व्याख्येत तो व्यावसायिक ठरतो, मग कागदावर ‘स्टायपेंड’ लिहिलं तरी. १८ पूर्ण झाल्यावर मुलगा स्वतः, वरच्या बदलांसह, दोन वर्षांचा करार सही करेल. तो करार मात्र खरा असेल. तो मध्येच मोडला तर फिफाच्या नियमांत भरपाई आणि चार महिने खेळबंदी आहे, हे त्यालाही समजावा.

क्लबला मुलगा खरंच हवा असेल तर पाच महिने थांबेल. जामिनाशिवाय घेणारच नाही म्हणाला, तर त्याचा भरवसा मुलाच्या खेळावर नसून तुमच्या घर-भाटावर आहे. तसं झालं तर सही करू नका. मुलाला कॉलेजात घाला आणि गोवा फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धांत खेळणाऱ्या दुसऱ्या क्लबची चाचणी द्यायला लावा.

करार झाला की मुलाचं पॅन आणि त्याच्याच नावाचं बँक खाते काढा. मुलाने आपल्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरलं जात नाही. ते मिस्टरांच्या खात्यात आलं तर आयकरवाल्यांना समजावत बसावं लागेल.