सेटपॉइंट २८ वरच का अडकतो?

प्रश्न : एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जावापराच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ऑफिसच्या इमारतीसाठी तीन ओळींचा ईएमएस (एनर्जी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे नियंत्रणाचे स्वतःचे नियम लिहिण्याची सोय) प्रोग्रॅम लिहिला आहे : ‘इफ अवर >= १८’, ‘सेट कूलएसपी = २८’, ‘एंडइफ’. संध्याकाळी सहानंतर कूलिंग सेटपॉइंट (ज्या तापमानाच्या वर कूलिंग सुरू होतं तो) २८ अंश हवा, एरवी शेड्यूलमधला २४. पण रिझल्टमध्ये १ जानेवारीच्या पहिल्या तासापासूनच २८ दिसतो. एरर फाइल स्वच्छ आहे. चूक शोधायची कुठे?

उत्तर : अ‍ॅक्च्युएटरचं (प्रोग्रॅम ज्यातून सेटपॉइंट बदलतो त्या ‘कूलएसपी’चं) नाव चुकलं असतं तर रन तिथेच थांबला असता. तेव्हा गडबड लॉजिकमध्ये आहे, आणि ती एरर फाइलमध्ये दिसत नाही. त्यासाठी ‘आउटपुट:एनर्जीमॅनेजमेंटसिस्टीम’ हे ऑब्जेक्ट जोडा. त्यातल्या पहिल्या दोन फील्डमुळे उपलब्ध अ‍ॅक्च्युएटर आणि इंटर्नल व्हेरिएबलची यादी मिळते. ती आत्ता नको. तिसऱ्या, डीबग लेव्हलच्या फील्डमध्ये ‘व्हर्बोज’ घाला, रन करा आणि ‘ईप्लसआउट.ईडीडी’ उघडून प्रोग्रॅमचं नाव सर्च करा.

चाललेल्या प्रत्येक ओळीची तिथे नोंद असते : प्रोग्रॅमचं नाव, ओळ क्रमांक, मूळ ओळ, आलेली किंमत, तारीख आणि वेळ. वॉर्मअपमधल्या (खऱ्या रनआधीच्या तयारीच्या फेऱ्यांमधल्या) नोंदींवर तसा शिक्का असतो. संध्याकाळी ओळ २ ची किंमत २८ दिसेल. मध्यरात्रीनंतर ओळ १ ची किंमत ० (अट खोटी) होते आणि ओळ २ ची नोंदच नसते. म्हणजे २८ कुणी काढलेलाच नाही! नवी किंमत किंवा ‘नल’ (ताबा सोडण्याची सूचना) मिळेपर्यंत अ‍ॅक्च्युएटर जुनीच किंमत धरून बसतो. वॉर्मअपमध्ये पहिला दिवस पुन्हापुन्हा चालतो, त्यामुळे खरा रन सुरू होण्याआधीच संध्याकाळ होऊन गेलेली असते.

‘एल्स’ आणि ‘सेट कूलएसपी = नल’ या दोन ओळी घाला. तिथे २४ लिहू नका, नाहीतर शेड्यूलमधला सुट्टीचा सेटपॉइंटही दाबला जाईल.

कॉलिंग पॉइंट (प्रोग्रॅम कधी चालवायचा ते ठिकाण) ‘बिगिनटाइमस्टेपबिफोरप्रेडिक्टर’ ठेवा. प्रेडिक्टरनंतर (लोडचा अंदाज काढणाऱ्या टप्प्यानंतर) बोलावलं तर ईडीडीत सगळं बरोबर दिसतं, पण त्या टाइमस्टेपचा (गणनेच्या एका वेळ-टप्प्याचा) लोड जुन्या सेटपॉइंटवर आधीच काढून झालेला असतो.

प्रश्न : ईडीडी फाइल इतकी मोठी होते की नोटपॅडमध्ये उघडतच नाही.

उत्तर : होणारच. दहा ओळींचा प्रोग्रॅम, तासाला सहा टाइमस्टेप, ८,७६० तास म्हणजे ५,२५,६०० नोंदी, वॉर्मअप वेगळा. ‘इनसाइडएचव्हीएसीसिस्टिमइटरेशनलूप’ या कॉलिंग पॉइंटवर बोलावलं तर दर इटरेशनला (एकाच टाइमस्टेपमधल्या गणनेच्या प्रत्येक फेरीला) पुन्हा नोंद. रनपीरियड (सिम्युलेशनचा कालावधी) दोन दिवसांचा करा, काम झालं की डीबग लेव्हल ‘एरर्सओन्ली’वर आणा. घोळ सुट्टीच्या दिवशीचा असेल तर त्या दोन दिवसांत रविवार येऊ द्या; ईएमएसच्या ‘डेऑफवीक’मध्ये १ म्हणजे रविवार, सोमवार नव्हे.