किल्ली कोणाच्या खिशात आहे ते आधी बघ

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कंपनी विकलीस, पैसे हातात आले, आता समाजासाठी काहीतरी करायचंय, छानच आहे. पण लगेच एनजीओ रजिस्टर करायला धावू नकोस गं, करसवलतीच्या नोंदण्या वगैरे ते सगळं सीए करून देतो, तो भाग सोपा.

माझंच सांगतो. सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलो तेव्हा वाटायचं आपल्याला स्केल कळतं, काम मोठं कसं करायचं ते येतं, मग यात काय अवघड. जुन्नरकडच्या एका शाळेला 40 टॅब दिले, नारळ फुटला, फोटो झाले. आठ महिन्यांनी सहज गेलो तर टॅब कपाटात, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. म्हणाले, साहेब एखादा फुटला तर भरून कोण देणार? चूक माझीच, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मग लिहून दिलं की फुटला तर आमचा, पोरांनी पहिल्या महिन्यातच चार फोडले आणि तेव्हा कुठे बाकीचे वापरात आले!

पण बघ ना, मधल्या आठ महिन्यांत मला कोणी अवाक्षर बोललं नाही, उलट दोन सत्कार झाले. कंपनीत ॲप गंडलं की कस्टमर दुसऱ्या दिवशी शिव्या घालतो, इथे पैसे देणारा वेगळा, वापरणारा वेगळा आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवणार कोण. त्यात 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर (समाजकार्यावर) घालावे लागतात, म्हणजे पैसा आहे, पण मार्च जवळ आला की सगळ्यांना फक्त खर्चाचा हिशोब हवा असतो, कपाट कोणी उघडत नाही.

उद्योजक गुरुराज देशपांडे, ज्यांना सगळे ‘देश’ म्हणतात, ते मला म्हणून आवडतात. अमेरिकेत कॅस्केड, सायकामोर अशा कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या कंपन्या उभ्या केल्या, 2002 मध्ये तिथल्याच एमआयटी विद्यापीठात लॅबमधलं संशोधन बाजारापर्यंत न्यायला सेंटर काढलं, पण इकडच्या कामासाठी निवडली हुबळी, स्वतःचा मुलूख. शेततळी काय, तरुणांचं ट्रेनिंग काय, चुकलं तर ओळखीचा माणूस कानडीत तोंडावर सांगेल ना.

तू आधी सहा महिने एखाद्या चालू संस्थेत जा, नावाची पाटी नको, अकाउंट्सला बस. जूनमध्ये शाळा उघडल्या की मी परत जुन्नरला जातोय, यायचं तर कळव. एसटीने जाऊ, गाडी दिसली की ते लोक खुर्च्या मांडायला लागतात.