भेंडीच्या शिरा मोजताना

"मॅडम, खेळ म्हणून भाजी भरवायला गेले, तर आता तो माझ्याशी खेळायलाही येत नाही."

म्हापशाजवळच्या एका गावातली ही आई जूनच्या अखेरीस माझ्याकडे आली. मुलगा साडेपाच वर्षांचा. घरात त्याला बाबू म्हणतात. गोव्यात घरोघरी एक बाबू असतोच, म्हणून तेवढं लिहायला हरकत नाही. खाणं ठरलेलं: भात, हुमण (माशांची आमटी), तळलेला बांगडा, केळं. भाजीचं नाव काढलं की ओठ घट्ट.

आईनं फ्रिजवर तक्ता लावला होता. एका घासाला एक चांदणी, दहा चांदण्यांना एक छोटी गाडी. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात बाबूनं भाव वाढवला, भेंडीला तीन चांदण्या हव्यात म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तो घास गालात धरून चांदणी पदरात पाडून घ्यायचा आणि मोरीत जाऊन थुंकून यायचा. मला हसू आलं, आईला मात्र रडू.

बाबूचा हिशेब चोख होता. जे खायला लाच द्यावी लागते, ते वाईटच असणार! "भाजी संपव, मग आईस्क्रीम" या वाक्यातूनही मूल एवढंच शिकतं की खरी चांगली वस्तू आईस्क्रीम. हे मी तावातावानं सांगितलं खरं, पण माझ्या लेकीला मी थालीपिठात लपवून दुधी खाऊ घालायचे. एके दिवशी तिला ते कळलं आणि पुढचं वर्षभर तिनं थालीपीठच सोडलं.

दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती वाटणं स्वाभाविक असतं. एखादी भाजी आपलीशी व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळीच हात टेकतो.

म्हणून आम्ही खेळ ठेवला, त्यातलं गिळणं काढलं. पावसात बाजारात सात शिरांची भेंडी येते. नेहमीच्या भेंडीला बहुधा पाचच शिरा. आईनं दोन्ही आडव्या कापून रंगात बुडवून कागदावर ठसे काढायला दिले. पाच कोनांची फुलं कुठली, सात कोनांची कुठली, हे ओळखण्यात बाबूची अख्खी संध्याकाळ गेली. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात वीस रुपये त्याच्या हातात, एक भाजी त्याच्या पसंतीची. काकडी कोण जास्त आवाज करून चावतो, यात आजोबा कवळीमुळे हरले. पानाशेजारी रिकामी वाटी ठेवली: चव घे, नको तर त्यात काढ, कुणी काही बोलणार नाही. हे आजीला सर्वांत जड गेलं. "अन्न थुंकायचं?" असं त्या रोज म्हणत, पण वाटी कुणी हलवली नाही.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. जेवणाआधी तासभर बाबू पावडर घातलेलं दूध मोठा पेला भरून पीत होता. मग भूक लागणार कधी? ते दूध संध्याकाळवर गेलं.

मात्र वजन घटत असेल, घास घशाशी येऊन ओकारी होत असेल किंवा मूल खाते ते पदार्थ एकेक करून कमी होत असतील, तर खेळांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चारच्या आतल्या मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात.

तांबडी भाजी बाबू अजून खात नाही. भेंडी खातो, पण कुरकुरीत तळलेलीच. चवथीला आजोबांबरोबर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची चौकट, बांधताना प्रत्येक फळाचं नाव त्यानं विचारून घेतलं आणि विसर्जनानंतर उतरवताना पपनसाची फोड तोंडात घालून लगेच वाटीत काढली. चिबूड मात्र नारळाच्या रसात गूळ घालून दोनदा मागून घेतलं.