पहिल्यांदाच बी.एड.चे छात्राध्यापक (शिकाऊ शिक्षक) मार्गदर्शनाला मिळालेत ना?

मॅडम, घाबरू नका. तुमच्या मानधनाचं त्यांच्या कॉलेजला आधीच विचारा. बहुतेक ठिकाणी चहावरच भागवतात! निदान मार्गदर्शक म्हणून काम केल्याचं पत्र तरी मागून घ्या.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या बी.एड.ला इंटर्नशिप 20 आठवड्यांची, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळं शिकवायला जाऊ नका. एवढं सांभाळा:

- पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) आदल्या दिवशी बघा.
- शेऱ्यात नुसतं ‘छान’ नको. शिकवताना पाठ फळ्याकडे होती की वर्गाकडे, ते लिहा.
- ऑफ तासांना (शिक्षक नसलेल्या वर्गांवर) त्यांना पिटाळू नका.

आणि पाठ चालू असताना मध्ये बोलू नका. मी एकदा उठून फळ्यावरचा अपूर्णांक दुरुस्त केला. शिकवणारी पोरगी खडू धरून तशीच उभी. नंतर आठवडाभर मुलं शंका मलाच विचारत होती.

निरीक्षण तक्ते वगैरे नंतर बघू.