खिळा गंजलेला नव्हता, मग इंजेक्शन कशाला?

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाच्या पायात खिळा घुसला. गंजलेला नव्हता. तरी धनुर्वाताचं (टीटीचं) इंजेक्शन लागेल का?

उत्तर : गंजाला उगाच बदनाम केलंय. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत, शेणात, धुळीत असतात. खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. मातीत पडलेला कोरा खिळाही तेवढाच धोक्याचा. तरी मुलाचे सगळे डोस आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला असेल, तर आत्ता इंजेक्शन नको. खरचटलं की टीटी, ही आपली सवयच आहे. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. हळद, चुना, कॉफी काहीही भरू नका. डोस अर्धवट असतील किंवा कार्डच सापडत नसेल, तर मात्र आजच डॉक्टरांकडे जा. लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून मळक्या जखमेत विषाशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागू शकतं.

प्रश्न : सोसायटीतल्या सगळ्या मुलांचं लसीकरण झालंय. आमच्या एकाचं राहिलं तर काय बिघडतं?

उत्तर : गोवर असता तर इतरांच्या लसीची थोडीफार आड मिळाली असती. धनुर्वात माणसाकडून माणसाला होतच नाही, त्यामुळे शेजाऱ्याची लस तुमच्या मुलाच्या कामाची नाही. हा आजार एकदा होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. बऱ्या झालेल्या मुलालाही लस द्यावीच लागते.

प्रश्न : सुनेला सहावा महिना आहे. आमच्या वेळी कुठे होती ही इंजेक्शनं? टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) घ्यायलाच हवं का?

उत्तर : हो, आणि पहिला डोस झाला नसेल तर याच आठवड्यात. तुमच्या वेळी विळ्याने नाळ कापायची, वर शेण-राख लावायची, आणि काही बाळं आठवड्या-दोन आठवड्यांतच दूध ओढेनाशी होऊन दगावायची. तो बहुधा धनुर्वातच असे. बाळाला धनुर्वाताविरुद्धची स्वतःची पहिली लस, पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस), सहाव्या आठवड्यात मिळते. तोवर आईकडून आलेली प्रतिपिंडंच त्याला सांभाळतात. सुनेचा दुसरा डोस पहिल्यानंतर चार आठवड्यांनी. मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही डोस झाले असतील, तर एकच पुरतो. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून 2015 मध्ये निर्मूलन झालं खरं, पण त्याचा अर्थ दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच. जिवाणू मातीत आहेतच.

प्रश्न : गावी गेल्यामुळे मुलीचा दीड वर्षाचा बूस्टर राहिला. ती आता तीन वर्षांची आहे. सगळं पुन्हा पहिल्यापासून?

उत्तर : नाही. राहिलेला डोस आता द्या, पुढचे वेळेवर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडी बऱ्याच घरी विसरलं जातं. तेही आत्ताच कार्डावर लिहून ठेवा.